कसलं काय, काकू!

पोहायला शिकवते म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई हातपाय मारायला शिकवत असणार. हातपाय काय, कुणीही मारतं. पाण्यात पडलेलं मांजरसुद्धा मारतं. अ‍ॅरिझोनातल्या चँडलर गावच्या सार्वजनिक स्विमिंग पूलमध्ये कंबरभर पाण्यात उभं राहून मी इतकी वर्षं शिकवलं ते एवढंच, की बाळा, श्वास सोड. भ्यालेलं मूल श्वास कोंडून धरतं. मग अंग ताठ होतं, मान वर जाते, पाय खाली जातात आणि मूल म्हणतं, बघा, मी बुडतोय. श्वास सोडला की अंग सैल पडतं आणि पाणीच आपल्याला उचलून धरतं. विद्या म्हणाल तर एवढीच. ती शिकवायला कधी एक सकाळ पुरते, कधी दोन उन्हाळे जातात.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेचा फोन आला तेव्हा तिला माझी 'जर्नी' हवी होती. मी म्हटलं, अगं, जर्नी कसली डोंबलाची! सांगलीला कृष्णेच्या घाटावर वडिलांनी सांगड बांधून पाण्यात सोडलं. सांगड म्हणजे दोन वाळके भोपळे, आमचे तेच फ्लोट. लग्न करून इकडे आले. मुलगा कॉलेजला गेला आणि घर खायला उठलं, म्हणून पूलच्या तिकीटखिडकीवर नोकरी धरली. तिथल्या मॅनेजरबाईनं मला एकदा संध्याकाळी पोहताना पाहिलं आणि म्हणाली, तू खिडकीत काय करतेस? संपली जर्नी. चाळिशी उलटल्यावर परीक्षा देऊन मी शिक्षिका झाले आणि शालिनीची 'मिस शॅली' झाले. रोज उन्हात उभी राहून इतकी रापले, की सांगलीला गेले की बहीण हटकून विचारायची, अमेरिकेत राहून तू काळी कशी गं पडतेस?

इकडे अ‍ॅरिझोनात पोहणं ही हौस नाही. जूनमध्ये पूलच्या काठचं सिमेंट असं तापतं की मुलं चपला विसरली तर नाचत नाचत पाण्यात येतात. घराघरामागे पूल. वाढदिवस पूलमध्ये, शाळा सुटल्याची पार्टी पूलमध्ये, शेजाऱ्यांशी ओळख व्हायची तीही पूलच्या काठावर. ज्या मुलाला पोहता येत नाही त्याला बुडायची भीती तर असतेच, पण त्याहून मोठी भीती असते ती पायरीवर एकटं बसून राहायची. ती भीती आईबापांना दिसत नाही, कारण पायरीवर बसलेलं मूल अगदी सुरक्षित असतं.

धंद्यातली एक गोष्ट सांगते. मूल भिंत सोडून शिक्षकाकडे यायला निघतं, आणि शिक्षक हसत हसत एकेक पाऊल मागे सरकतो. मुलानं अजून थोडं पोहावं म्हणून. पुष्कळजण असं करतात आणि त्यात त्यांना काही वाईट वाटत नाही. मुलाला मात्र कळतं. डोळ्यांत पाणी गेलेलं असतं, नाकात गेलेलं असतं, तरी त्याला बरोबर कळतं की ही बाई मगाशी इथं होती, आता तिथं आहे. पुढच्या वेळी ते भिंत सोडत नाही. मी कधी मागे सरकले नाही. जिथं उभी राहीन म्हटलं तिथंच उभी राहिले. माझा पगार कशाचा असेल तर तो त्याचा होता, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट कौतुकाची. इकडे उठता बसता 'गुड जॉब' म्हणतात. गॉगल घातला, गुड जॉब. शिंकलास, गुड जॉब. टायलर नावाचा एक सहा वर्षांचा पोरगा माझ्याकडे आला होता. त्याच्या आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, ही इज अ फँटॅस्टिक स्विमर. त्यानंही मला तेच सांगितलं आणि माझं लक्ष टॉवेल ठेवण्यात असताना धावत जाऊन खोल बाजूला उडी टाकली. दगड जातो तसा तळाला गेला. मी मागोमाग सूर मारला आणि चड्डीच्या नाडीला धरून त्याला वर काढला. खोकून झाल्यावर मला म्हणतो, मिस शॅली, डिड यू सी दॅट? आत्मविश्वास बादलीभर, पोहणं चमचाभर. त्याला मी पहिल्यांदा खरं काय ते सांगितलं, की तुझी उडी चांगली होती, पोहणं तुला अजिबात येत नाही. पोरगं चकित झालं. पण मग शिकलं मात्र झटपट.

म्हणून मी 'गुड जॉब' म्हणत नसे. जे झालं तेवढंच सांगत असे. काल हनुवटी भिजली होती, आज नाक आत गेलं. आज कान गेले. मुलं ते मानतात, कारण नाक आत गेलं की नाही हे त्यांना माझ्याआधी ठाऊक असतं.

आता मिनूची गोष्ट. खरं म्हणजे तिच्यासाठीच मी हे लिहायला बसले.

दोन हजार पाचचा उन्हाळा असेल. मृण्मयी, घरातली मिनू, नऊ वर्षांची होती. वडील मिलिंद पुण्याचा, इथल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. आई वैशाली नागपूरची. नागपूरला ती एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होती, इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, म्हणून नोकरी करायची परवानगी नाही. धाकटा ओम पाच वर्षांचा, तो मासाच होता. त्याला पाण्यातून बाहेर काढताना आमच्या नाकी नऊ यायचे. आणि मिनू पायरीवर. दोन उन्हाळे वेगवेगळ्या शिक्षकांकडे काढून ती माझ्याकडे आली होती, आणि तोवर तिनं तोंड पाण्याला लावलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि विचारलं, तुला कशाची भीती वाटते गं? तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. तिनं बघितलं काठावरच्या खुर्चीकडे. खुर्चीतून वैशालीचं उत्तर आलं, काकू, तिला न पाण्याचीच भीती वाटते, माझ्यावर गेली आहे. मी नाव विचारलं तरी तेच. तू कितवीत आहेस विचारलं तरी तेच. पोरीचे ओठ हलायच्या आत उत्तर हजर. दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्या पालकांना कुंपणाबाहेर पाठवलं. ते जाळीला चिकटून उभे राहिले ते सोडा, पण आवाज जरा कमी झाला.

मिलिंदचं म्हणणं सोपं होतं. काकू, सरळ ढकलून द्या, मला काकांनी विहिरीत ढकललं होतं, आपोआप यायला लागलं. मी म्हटलं, ये, आधी तुला ढकलते. तो हसला आणि गाडीत जाऊन बसला. माणूस चांगला होता, घाई फार होती त्याला. घाईचं कारणही होतं. त्यांनी नुकतंच घर घेतलं होतं, मागे पूल असलेलं. जुलैच्या शेवटी मिनूचा दहावा वाढदिवस, आणि नव्या घरात पहिली मोठी पार्टी. वर्गातल्या मैत्रिणी, मंडळातली मंडळी, सगळी येणार.

हे मला मिनूनंच सांगितलं, चौथ्या की पाचव्या दिवशी, पायरीवर बसून. हळूच म्हणाली, "मला पार्टी नको आहे. एव्हरीवन विल बी इन माय पूल एक्सेप्ट मी."

एवढं बोलून ती गुडघ्यांवरचं पाणी पुसत बसली. मैत्रिणींच्या वाढदिवसांना नेमकं तिच्या पोटात दुखायचं, आणि मिलिंद फोन करून कॅन्सल करायचा. स्वतःच्याच वाढदिवसाला पोटात दुखून कसं चालेल? मला त्या पोरीची फार माया आली. मी तिला वचन वगैरे दिलं नाही, कारण पाण्याच्या बाबतीत वचन देता येत नाही. मी कुठं उभी राहीन तेवढं सांगितलं, आणि तिथून हलणार नाही म्हटलं.

त्यानंतरच्या मंगळवारी मिनूचं तोंड पाण्यात गेलं. आधी हनुवटी, मग ओठ, मग डोळे घट्ट मिटून नाक. बुडबुडे आले. वर आली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की मी बाकीच्या मुलांना विसरून तिच्याकडेच बघत राहिले. क्लास सुटल्यावर फाटकाशी वैशाली टॉवेल घेऊन उभी होती. मी म्हटलं, वैशाली, आज हिनं तोंड पाण्यात घातलं, बुडबुडे काढले.

वैशालीला आनंद झाला, तो मला दिसला. तिचे डोळे चमकले. पण तोंडातून काय निघालं?

"कसलं काय, काकू! ओम्या तर पहिल्याच दिवशी डुबकी मारून राहिला होता. हिचं न असंच आहे."

मिनू तिथंच टॉवेलात उभी होती. दुसऱ्या दिवशी ती पायरीवर बसली ती बसलीच. नाक सोडा, बोटंसुद्धा पाण्याला लावेना. आय कान्ट डू इट, म्हणाली, शांतपणे, नाव सांगावं तसं.

माझं डोकं फिरलं. मी रागीट आहे हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे. क्लास संपल्यावर मुलांना खाऊच्या खिडकीकडे पाठवून मी वैशालीला सावलीत बसवलं आणि म्हटलं, अगं, पोरीनं दोन वर्षांत पहिल्यांदा नाक आत घातलं आणि तू तिला खाली बसवलंस. काय मिळालं तुला?

ती गोंधळून गेली. तिला खरोखर कळेना की तिनं काय केलं. म्हणाली, अहो काकू, मी तर कौतुकानंच म्हटलं. आपल्याच पोरीचं आपण चारचौघांत कौतुक करायचं का? चांगलं दिसते का ते? नजर लागते न.

आणि मला माझी आई आठवली. शाळेतले मास्तर घरी येऊन म्हणायचे, शालू हुशार आहे हो. आई पदर सावरत म्हणायची, कसली हुशार, नुसती धांदरट आहे. पण तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मास्तर म्हणायचे, नाही नाही, असं म्हणू नका. शेजारच्या काकू म्हणायच्या, नाही हो, पोर गुणी आहे तुमची. आणि मी दाराआड उभी राहून ते सगळं ऐकायचे. आईचं ते बोलणं म्हणजे अर्धा रिवाज होता. उरलेला अर्धा बाकीचे पुरा करायचे. आई 'कसलं काय' म्हणायची ती 'नाही हो' ऐकण्यासाठीच, आणि ते म्हणणारी अख्खी गल्ली होती. वैशाली आपला अर्धा भाग चोख करत होती. चँडलरमध्ये दुसरा अर्धा कुणी म्हणायचा?

मी तिला हे सांगितलं. मग तिनंच शाळेतली गोष्ट काढली. पालकांच्या मीटिंगमध्ये टीचर म्हणाली होती की मिनू गणितात छान करते आहे. वैशालीनं सवयीनं सांगितलं, नो नो, शी इज व्हेरी वीक.

"मला वाटलं टीचर म्हणेल, असं काही नाही. पण ती काही म्हणालीच नाही, काकू. तिनं लिहून घेतलं. पुढच्या महिन्यापासून मिनूला एक्स्ट्रा हेल्पच्या टेबलवर बसवलं."

"मिनू कुठं होती तेव्हा?" मी विचारलं.

"शेजारीच न. मीटिंगला मुलांना पण बसवतात."

माझा राग कुठच्या कुठं गेला. टीचरचीही चूक नाही बिचारीची. आई सांगते ते खरं मानलं तिनं. आणि मिनूनं दोघींचंही खरं मानलं. टीचर म्हणाली तेव्हा ती हुशार होती, आई म्हणाली की वीक. पाण्यात तर आई स्वतःच म्हणत होती, माझ्यावर गेली आहे.

मग मी वैशालीला विचारलं, तुझ्यावर गेली आहे म्हणजे काय गं? तर म्हणाली, मलाही नाही जमत न काकू, पाण्याचं. फ्रीवेवर गाडी घ्यायचं नाही जमत. फोनवर इथल्या लोकांशी इंग्लिशमध्ये बोलायचं नाही जमत, मिलिंदच बोलतो. हे सगळं ती हसत हसत सांगत होती. साठ-सत्तर इंजिनियरिंगच्या पोरांसमोर उभं राहून शिकवलेली बाई. मिनू तिकडे ओमला आइस्क्रीमचा कागद सोलून देत होती, आणि 'नाही जमत' एवढे दोन शब्द तिनं नागपूरहून आलेल्या आईकडून किती वेळा ऐकले असतील, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, उद्यापासून सकाळी माझ्या बायकांच्या बॅचला यायचं. आली नाहीस तर घरी येऊन घेऊन जाईन.

आमच्या बायकांचं घोडं अडतं ते पाण्याशी नाही, कपड्यांशी. स्विमसूट म्हटलं की सगळ्यांना सासरे आठवतात, ते सांगलीत असोत की स्वर्गात. पंजाबी ड्रेस घालून येऊ का विचारतात. येता येत नाही, सुती कापडाचे धागे पूलच्या फिल्टरमध्ये अडकतात. मी वैशालीला दुकानात घेऊन गेले आणि लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी घट्ट चड्डी घेऊन दिली. आरशात बघून ती म्हणाली, काकू, मी अंतराळवीर दिसते. दिसतच होती, मी कशाला नाही म्हणू? पण आली दुसऱ्या दिवशी.

घरी मुलांना सांभाळायला कोणी नाही, म्हणून मिनू आणि ओमही बरोबर. ओम उथळ पाण्यात रबरी कड्या गोळा करत होता, तिथली लाइफगार्ड मुलगी त्याच्यावर डोळा ठेवून होती. वैशाली भिंतीला दोन्ही हातांनी अशी चिकटली होती की बोटं पांढरी पडली. मिनू पायरीवर बसून आईकडे बघत होती. एवढी मोठी आई, भ्यालेली.

बॅचमध्ये आणखी दोघीजणी होत्या. मी मिनूला म्हटलं, मिनू, मला त्या दोघींकडे बघायचं आहे, आईला बुडबुडे काढायला तू शिकव. ती म्हणाली, आय डोन्ट नो हाउ. मी म्हटलं, मंगळवारी तू काढलेस. मी बघितले. एवढं म्हणून मी वळले आणि दुसऱ्या बाईचे पाय धरून उभी राहिले, पण कान सगळे मागे.

बराच वेळ काही नाही. मग पाणी हललं. मिनू पायरीवरून उतरून आईजवळ गेली होती. तिनं आईसमोर हातभर अंतरावर जागा धरली आणि म्हणाली, "आई, बघ. मी इथं उभी आहे. मी मागे नाही जाणार."

माझंच वाक्य. मी वळले नाही. मग बुडबुड्यांचा आवाज आला. दाखवायचं तर स्वतः करावं लागतं ना! वैशालीनं हनुवटी बुडवली, ठसका लागला, आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाली, मला नाही जमत गं. मिनूनं तिचं बोलणं उडवून लावलं नाही की गुड जॉबही म्हटलं नाही. हनुवटी गेली, म्हणाली. आता ओठ. सगळ्या शिक्षकांमध्ये मला इतकी गंभीर शिक्षिका दुसरी भेटली नाही.

त्यानंतर रोज सकाळी आई शिकत होती आणि मिनू शिकवत होती. आईला तरंगणं दाखवायचं म्हणून मिनू तरंगायला शिकली. आईला पाय मारून दाखवायचे म्हणून पाय मारायला. मी मधून मधून हात लावून दोघींना सरळ करायचे, बाकी मला काम नव्हतं. आठवडा झाला असेल, एक दिवस मिनू ओरडतच आली, मिस शॅली, आईचे कान गेले आत! मला वाटतं त्या दिवशी वैशालीला कॉलेजातल्या पहिल्या पगारापेक्षा जास्त आनंद झाला असेल. ती काहीतरी म्हणणार होती, 'कसलं काय'च म्हणणार होती, पण कानात पाणी गेल्यामुळे एका पायावर उड्या मारण्यात ते राहून गेलं.

सगळीच मुलं अशी पार होतात असं नाही. त्याच उन्हाळ्यात एक मुलगा होता, भिंतीला मिनूपेक्षाही घट्ट धरणारा. त्यानं एका हाताची बोटं सोडायला सुरुवात केली त्याच आठवड्यात आईवडिलांनी त्याला काढून गणिताच्या क्लासला घातलं. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. त्याची ती बोटं मला अजून आठवतात.

वाढदिवस शनिवारी होता. गुरुवारी शेवटचा क्लास. मिनू उथळ पाण्यात चांगली पोहत होती, पण घरचा पूल एका बाजूला खोल होता आणि सगळ्या मैत्रिणी खोलातच उड्या मारणार. गुरुवारी तिला खोल पाणी आडवं पार करायचं होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी मधे, ठरल्या जागी, पाय मारत पाण्यात उभी. मिनू भिंत धरून. तोंड पांढरंफटक. वैशाली शेजारीच भिंतीला धरून, कारण आईला जवळ राहू दे असं मिनूनं आधीच बजावलं होतं.

मिनू जाईना. गेली तर गेली, नाही तर परवा पार्टीत ती पुन्हा पायरीवर, आणि यावेळी स्वतःच्या घरच्या पायरीवर. हे तिला कळत होतं, वैशालीला कळत होतं. शेवटी मिनू आईला म्हणाली, "तू आधी भिंत सोड. मग मी जाते."

खोल पाण्यात वैशालीनं भिंत कधीच सोडली नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी इथंच आहे, हलत नाही. तिनं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि हात सोडले. बुडाली. कानांपर्यंत काय, बुचड्यापर्यंत बुडाली. मग तिला श्वास सोडायचं आठवलं, बुडबुडे आले, पाय मारले आणि वर येऊन तिनं भिंत पकडली. तोंडात पाण्याचा मोठा घोट, डोळे लाल. मिनू तिच्याकडे बघत होती.

मग मिनू निघाली. पहिले काही हात झकास गेले. बरोबर मधोमध आली आणि थांबली. पाय मारत जागच्या जागी राहिली आणि सवयीनं मान वळवून आईकडे बघितलं, ती आता काय म्हणते ते ऐकायला. वैशालीच्या तोंडात पाणी होतं, तिला काही बोलताच आलं नाही. फार बरं झालं. मिनूनं क्षणभर वाट बघितली, मान पुन्हा समोर केली, तोंड पाण्यात घातलं आणि माझ्या बाजूनं, माझ्या हाताला न शिवता, पलीकडच्या भिंतीला जाऊन लागली.

शनिवारी मी पार्टीला गेले. आमच्याकडे असतं तसंच सगळं, अंगणात मोठ्या तव्यावर पावभाजी, पुरुषमंडळी एका कोपऱ्यात ग्रीन कार्डाच्या गप्पा मारत, आणि पाण्यात पोरांचा कल्ला. मिनू सगळ्यांबरोबर होती. पहिली उडी मारायच्या आधी ती पायरीवर थोडी बसली, ते मी बघितलं. मग उठली आणि खोल बाजूला गेली.

मी सावलीत खुर्ची टाकून बसले होते. वैशाली पाव भाजत होती. मंडळातल्या एक काकू, अगदी मोठ्या आवाजाच्या, पूलच्या काठाशी येऊन म्हणाल्या, अगंबाई वैशाली, तुझी लेक काय सुरेख पोहते गं! मिनू तेव्हा काठाला धरून दम खात होती. तिनं ऐकलं. तिनं आईकडे बघितलं. आणि वैशालीच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं लाजरं हसू आलं, मान एका बाजूला झुकली.

मी चटकन सरसावून बसले. ती 'कसलं काय' म्हणाली की मी तिथल्या तिथे मोठ्यानं 'नाही हो' म्हणणार होते, माझ्या सांगलीच्या शेजारणी म्हणायच्या तसं. निदान रिवाज तरी पुरा होऊ दे.

वैशालीनं उलथनं खाली ठेवलं. म्हणाली, "हो. येतं तिला पोहता. मला पण तिनंच शिकवलं."

मिनू काठाला धरून आईकडे बघत राहिली. मग अगदी माझ्यासारखा चेहरा करून म्हणाली, "पण आई, तू अजून श्वास नीट नाही सोडत." आणि पाण्यात गेली, कानांसकट.

जिभेवर आलेलं माझं 'नाही हो' मी पावभाजीबरोबर गिळून टाकलं.